राजमान्य जुगार आणि चोरटा जुगार

इसवी सन १८४८ पर्यंत मुंबईत पैज जिंकलेल्या माणसास, हरलेला पैसे देईनासा झाला तर, कोर्टात दावा लावून ती रक्कम वसूल करण्याचा मार्ग मोकळा होता, ही गोष्ट आज सांगितली तर पुष्कळांना खरी वाटणार नाही. कंपनी सरकार कलकत्त्यास अफूचे जाहीर लिलाव करी. त्या लिलावात दर पेटीस सरासरी काय भाव येईल यावर मुंबईतील सराफ व सटोडिये पैजा मारीत. आणि डाकेने भावाची बातमी येऊन पोहोचली म्हणजे, अफूची एक गोळीही हाती न धरता, फरकाच्या रकमा चुकत्या होत. अशाच एका पैजेचा कज्जा मुंबईहून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि तेथील न्यायाधीशांनी, स्वतःच्या निर्णयाबद्दल खेद प्रकट करीत का होईना, असा निर्वाळा दिला की इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणे पैजेवर दावा चालू शकतो आणि हिंदुस्थानात त्याविरुद्ध कोणताही हुकूम अमलात नाही. त्याच वर्षी सरकारने २१ वा कायदा करून पैजेचे करार रद्दबातल ठरविले. पुढे १८६५ मध्ये मुंबई इलाख्याने आणखी एक पाऊल टाकले, आणि पैजेसाठी दिलेले कर्ज, अडत, दलाली असे आनुषंगिक व्यवहारही न्यायालयाच्या दारात उभे राहणार नाहीत अशी तजवीज केली.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढील साऱ्या इतिहासाचा पाया त्यावर आहे. करार रद्दबातल असणे निराळे आणि कृत्य गुन्हा असणे निराळे. रद्दबातल कराराच्या बाबतीत सरकार केवळ तटस्थ राहते. देणारा देईल तर द्यावे, न देईल तर घेणाऱ्याने स्वस्थ बसावे, एवढाच त्याचा अर्थ. गुन्ह्याच्या बाबतीत मात्र फौजदार दारावर येतो, पंचनामा होतो, मुद्देमाल जप्त होतो आणि माणसाच्या नावापुढे आरोपी हा शब्द लागतो. मुंबईच्या जुगाऱ्यांचे जे दोन वर्ग पुढील शंभर वर्षांत तयार झाले, एक प्रतिष्ठेचा आणि एक अप्रतिष्ठेचा, ते स्वभावाने झाले नाहीत. सरकारने कोणत्या पैजेपुढे तटस्थ राहावे, कोणत्या पैजेवर कर घ्यावा आणि कोणत्या पैजेवर धाड घालावी हे वेळोवेळी ठरविले, आणि त्या ठरविण्यातून हे दोन वर्ग घडले. जुगाऱ्याची वृत्ती पाहून मग कायदा केला असे म्हणण्यापेक्षा, कायद्याने जुगाऱ्यांना दोन आवारांत वाटले आणि त्या आवारांनी त्यांना दोन वृत्ती दिल्या, असे म्हणणे मला अधिक यथार्थ वाटते.

हा प्रश्न इंग्रजांनीच प्रथम उपस्थित केला असे नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे, पण त्यात राजाज्ञेचा विचार नाही. तो विचार प्रथम सविस्तर येतो तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रात. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी नेमून जुगार एका ठिकाणी चालवावा, इतरत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा, फाशांचे भाडे घ्यावे आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच राजकोशात जमा करावे असे सांगितले. मनूने द्यूत राज्यातून हद्दपार करावे असे म्हटले. याज्ञवल्क्याने मात्र सभिकाच्या, म्हणजे द्यूतगृह चालविणाऱ्याच्या, देखरेखीखाली चालणाऱ्या आणि राजाचा भाग देणाऱ्या द्यूतास मान्यता दिली. राजमान्य जुगारगृहात हरलेल्या माणसाची अवस्था काय होई याचे शूद्रकाने मृच्छकटिकात जे चित्र काढले आहे, त्याची या संदर्भात आठवण होणे अपरिहार्य आहे. संवाहक दहा सुवर्ण हरतो, ओस देवळात शिरून मूर्तीसारखा निश्चल उभा राहतो, पाठलाग करीत आलेला सभिक माथुर तेथेच दुसऱ्या जुगाऱ्याशी डाव मांडतो, आणि फाशांचा आवाज कानी पडताच संवाहकाचा निश्चय सुटून तो सापडतो. मग भर रस्त्यात स्वतःला विकावयास काढण्यापर्यंत त्याची पाळी येते. हा संवाहक कोणत्याही आज्ञेचा भंग केलेला माणूस नव्हे, आणि त्याच्यामागे लागलेला सभिकही चोरटा धंदा करणारा नव्हे. राजमान्यतेने हरणाऱ्याचे रक्षण होते हा समज किती जुना आणि किती निराधार आहे, हे त्या एका अंकावरून कळून येते. आपल्याकडे दिवाळीतल्या पाडव्यास द्यूतप्रतिपदा म्हणून धर्माचीही मोकळीक दिलेली होती, आणि त्या दिवशी पट मांडणाऱ्या गृहस्थास वर्षभर जुगारी म्हणण्याची प्रथा नव्हती.

इंग्रजी अमलात या मोकळिकीला निराळे आश्रयस्थान मिळाले, ते घोड्यांच्या शर्यतींचे. भायखळ्याच्या मैदानावर अठराव्या शतकाच्या शेवटापासून गोरे अधिकारी आणि व्यापारी घोडे पळवीत. १८०२ मध्ये टर्फ क्लब स्थापन झाला. अरबी घोड्यांची मोठी बाजारपेठ मुंबईतच असल्यामुळे प्रारंभीच्या काळी धावत ते बहुधा अरबी घोडेच. पुण्याच्या लष्करात १८३० पासून पावसाळी शर्यती होऊ लागल्या. भायखळ्याची वस्ती वाढल्यावर मैदान अपुरे पडू लागले, आणि १८८३ मध्ये महालक्ष्मीच्या दलदलीच्या सपाटीवर मेलबर्नच्या कॉलफील्ड मैदानाच्या धर्तीवर नवे रेसकोर्स तयार झाले. संस्थानिक, पारशी व्यापारी, आगाखानांचे घराणे आणि गव्हर्नरसाहेब ज्या सज्जात एकत्र बसत, त्या सज्जातील व्यवहाराला जुगार म्हणणे त्या काळच्या कोणत्याही कायदेपंडितास जड गेले असल्यास नवल नाही. १८७२ च्या कराराच्या कायद्यात ही अडचण अगदी उघड दिसते. त्याच्या ३० व्या कलमाने पैजेचे सर्व करार रद्द ठरविले, आणि लगेच पुढच्या वाक्यात घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्यास द्यावयाच्या ५०० रुपयांच्या वा त्याहून अधिक किमतीच्या बक्षिसासाठी गोळा केलेली वर्गणी त्यातून वगळली. पाचशे रुपये ही त्या काळी मोठी रक्कम होती. थोडक्या पैशांची शर्यत लावणाऱ्या टांगेवाल्यांना या सवलतीचा स्पर्श होत नव्हता.

फौजदारी कायदाही याच सुमारास कडक होत गेला. देशातील काही प्रांतांसाठी १८६७ चा आणि मुंबई इलाख्यासाठी १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आला. मुंबईच्या कायद्याने जुगाराचा अड्डा चालविणे आणि तेथे खेळताना सापडणे हे दोन्ही गुन्हे ठरविले, रस्त्यावर खेळणाऱ्यास वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार पोलिसांस दिला, आणि धाडीत फासे, पत्ते, हिशेबाच्या चिठ्ठ्या असे साहित्य हाती लागले तर ती जागा जुगाराचा अड्डाच आहे असे गृहीत धरून उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला. इंग्रजी न्यायाचे जे तत्त्व आम्हांस शाळेत शिकविले जाई, की अपराध शाबीत करणे हे फिर्यादीचे काम, ते या एका बाबतीत उलटे करण्यात आले होते.

या कायद्याची पहिली मोठी परीक्षा पावसाने घेतली. पायधुणीच्या भागात पावसाळ्यात बरसातीचा सट्टा चाले. ठरलेल्या प्रहरात अमुक पन्हळीतून किंवा मोरीतून पाणी वाहील की नाही, यावर आकाशाकडे डोळे लावून बसलेले लोक पैसे लावीत, आणि ढगांचा रंग पाहून भाव क्षणाक्षणाला चढत उतरत. पाऊस हे काही फासे नव्हेत आणि पत्तेही नव्हेत. १८८७ च्या कायद्यातील शब्दांत हा सट्टा बसत नाही असा हायकोर्टाचा निर्णय झाला, आणि १८९० मध्ये सरकारने केवळ एवढ्यासाठी कायद्यात दुरुस्ती करून पावसावरील पैजही गुन्ह्याच्या कक्षेत आणली. कलकत्त्यासही पुढे १८९७ मध्ये असाच कायदा करावा लागला. पावसाचा अंदाज बांधण्यास काही निरीक्षण, काही अनुभव लागतो, हा युक्तिवाद त्या सटोडियांच्या उपयोगी पडला नाही. घोड्याच्या बाबतीत तो पुढे पडणार होता.

मग १९१२ मध्ये रेसकोर्सना परवाने देण्याचा कायदा झाला, १९२५ मध्ये पैजेवरील कराचा कायदा झाला, आणि जुगाराच्या व्याख्येत दुरुस्त्या होत होत असा अपवाद घातला गेला की घोड्याच्या शर्यतीवरील पैज, ती शर्यतीच्या दिवशीच लावली असेल आणि परवानाधारकाने त्यासाठी राखून ठेवलेल्या आवारातच लावली असेल, तर ती जुगार नव्हे. या वाक्यरचनेचा परिणाम एका दिवसाच्या व्यवहारात पाहावा. रविवारी दुपारी महालक्ष्मीच्या आवारात, खिडकीपाशी, एका घोड्यावर दहा रुपये लावणारा गृहस्थ निर्दोष आहे. त्याच घोड्यावर, त्याच दिवशी, तेवढेच दहा रुपये समोरच्या पदपथावर उभ्या असलेल्या बुकीपाशी लावणारा माणूस गुन्हेगार आहे. आणि आदल्या शनिवारी संध्याकाळी चाळीच्या जिन्यात ते लावणारा दुप्पट अपवादाबाहेर आहे. घोडा तोच, धाव तीच, नशीब तेच. कौटिल्याची रेषा स्थळाची होती, आणि मुंबई सरकारचीही स्थळाचीच होती. परंतु कौटिल्याच्या द्यूतगृहाचे दार कवडी घेऊन येणाऱ्यासही उघडे असावे असा त्याच्या नियमांचा रोख आहे, तर महालक्ष्मीच्या दारात शिरावयास प्रवेशाचे तिकीट, बरे कपडे आणि दिवसाची फुरसत एवढी सामग्री लागे.

आतल्या माणसाचे वर्णन करावयाचे तर त्याच्या तयारीपासून केले पाहिजे. तो सकाळपासून रेसचे पुस्तक वाचतो. अमुक घोडा मागील तीन शर्यतींत कितवा आला, त्याच्यावर या खेपेस वजन किती, जॉकी कोण, ट्रेनर कोण, मैदान ओले की कोरडे, अंतर हजार मीटर की दोन हजार, याचा तो मनाशी ताळा जमवितो. पॅडॉकमध्ये मोतद्दार घोडे फिरवीत असताना तो त्यांच्या अंगावरची तकाकी आणि घाम न्याहाळतो. मग बुकमेकरांच्या रांगेत भाव पाहतो किंवा टोटच्या खिडकीवर विन, प्लेस मागतो. टोटची व्यवस्था अशी की सर्वांनी लावलेली रक्कम एकत्र होते, तीतून सरकारचा कर आणि क्लबचा हिस्सा प्रथम वजा होतो, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. म्हणजे खेळणारे सर्व मिळून दर खेपेस हरतातच, प्रश्न एवढाच की कोण किती. येथे पैसे रोख द्यावे लागतात. हंगाम ठरलेला असतो, महालक्ष्मीस हिवाळी व पुण्यास पावसाळी. शर्यतींचे दिवस मोजके असतात. आणि हरलेला माणूस लोकांच्या देखत हरतो. सदस्यांच्या आवारात, फर्स्ट एन्क्लोजरमध्ये आणि सेकंड एन्क्लोजरमध्ये एकच शर्यत पाहणारी तीन निरनिराळी मुंबई उभी असे, हे खरे. परंतु तिघांनाही घरी जाताना पोलिसांकडे पाहून रस्ता बदलावा लागत नसे.

बाहेरच्या जुगाराला मुंबईत जे प्रचंड रूप आले ते कापसाच्या आकड्यांमुळे. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमधील उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव तारेने मुंबईस येई, आणि त्या भावाच्या शेवटच्या आकड्यावर पैसे लावण्याचा खेळ आकडा या नावाने काळबादेवीपासून गिरणगावापर्यंत पसरला. अफूच्या लिलावावरील पैजेचा हा सरळ वारस होय. भावाच्या ठिकाणी फक्त त्याचा शेवटचा आकडा राहिला आणि त्यामुळे व्यापाराचे ज्ञान नसलेला कामगारही त्यात उतरू शकला. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून हे आकडे येणे थांबले. धंदा बंद पडावयाचा, पण कच्छहून आलेल्या आणि वरळीत किराणा दुकान चालविणाऱ्या कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये स्वतःचाच आकडा काढावयास सुरुवात केली, आणि १९६४ मध्ये फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी आपला निराळा डाव मांडला. प्रारंभी मातीच्या मडक्यातून शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या काढीत, त्यावरून या खेळास मटका हे नाव पडले. पुढे चिठ्ठ्या जाऊन पत्ते आले तरी नाव राहिले.

त्याची रीत इतकी सोपी आहे की तिच्यातच त्याचे बळ आहे. पत्त्यांच्या जोडातून तीन पाने काढावयाची. समजा ती तीन, सहा आणि आठ निघाली, तर बेरीज सतरा, आणि तिचा शेवटचा आकडा सात, हा ओपन. काही तासांनी पुन्हा तीन पाने; समजा एक, चार, पाच, बेरीज दहा, शेवटचा आकडा शून्य, हा क्लोज. दोन्ही मिळून सत्तरची जोडी. एका आकड्यावर रुपया लावून तो आला तर साधारणतः नऊ रुपये, जोडी आली तर नव्वदच्या आसपास. म्हणजे दहातील एका संधीला नऊपट आणि शंभरातील एका संधीला नव्वदपट. रात्री नऊच्या सुमारास ओपन आणि मध्यरात्री क्लोज, ही वेळ गिरण्यांच्या दुसऱ्या पाळीशी जुळणारी होती. साडेतीनला आत गेलेला कामगार बारा वाजता सुटून बाहेर आला की पानाच्या टपरीवर पहिला प्रश्न आकड्याचा. टपरीच्या आडोशाला बसलेला रायटर कागदाच्या कपट्यावर आकडा, रक्कम आणि एक खूण लिहून देई. चार आणे, आठ आणेही घेई. ओळखीच्या माणसास पगारापर्यंत उधारही देई. बाईमाणसास घराबाहेर न पडता शेजारच्या पोराच्या हाती पैसे पाठवून खेळता येई. स्वप्नात दिसलेला साप, गाडीचा नंबर, बुवाने सहज उच्चारलेला शब्द, या साऱ्यांचे आकडे होत.

मटक्याच्या खेळाडूने जुन्या निकालांचे तक्ते भिंतीवर लावून त्यात नियम शोधण्यात जे श्रम घेतले, ते रेसच्या पुस्तकावर डोके घालून बसलेल्या गृहस्थाच्या श्रमांहून कमी नव्हते. परंतु घोड्याला कालची धाव असते, आणि पत्त्याला काल काय निघाले याची खबर नसते. हा भेद खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात वेद, महाभारत आणि स्मृतींचा आधार घेऊन असा निर्णय दिला की जुगार हा व्यापार नव्हे आणि व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण त्यास नाही. आणि १९९६ मध्ये, तमिळनाडूने १९७४ साली केलेल्या शर्यतबंदीच्या कायद्यातून उद्भवलेल्या खटल्यात, त्याच न्यायालयाने घोड्यांची शर्यत प्राधान्याने कौशल्याचा खेळ असल्याचे ठरविले. न्यायालयाचा विचार खेळाविषयी होता. खेळणाऱ्यांविषयी विचार केला तर, जॉकीच्या टोपीचा रंग आवडला म्हणून तिकीट घेणारे आणि ऐकीव टिपेवर महिन्याचा पगार लावणारे जे शेकडो लोक आवारात असत, त्यांचे कौशल्य मटक्याच्या तक्त्यांहून कोणत्या अर्थाने श्रेष्ठ होते हे मला सांगता येत नाही.

या दोन जुगाऱ्यांत खरा भेद कोठे होता, याचा शोध घेता तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात, आणि त्यांतील पहिली विश्वासाची आहे. आतल्या माणसाच्या पाठीशी परवाना, छापील तिकीट आणि क्लबचे नियम होते; त्याला बुकीच्या चारित्र्याची चौकशी करण्याचे कारण नव्हते. बाहेरच्या माणसाजवळ कपट्याखेरीज काही नव्हते आणि तो कपटा कोर्टात दाखविला तर पहिला आरोपी तोच व्हावयाचा. म्हणून त्याचा सारा व्यवहार शब्दावर चाले, आणि शब्द मोडणारा बुकी दुसऱ्या दिवशी गल्लीत बसू शकत नसे. खत्री यांच्या डावात पाने सर्वांसमक्ष काढली जात आणि जमलेल्यांपैकी कोणासही ती काढावयास सांगितले जाई, असे जे सांगतात त्याचे कारण यातच आहे. कायद्याने ज्यास आश्रय नाकारला त्यास आपला आश्रय प्रामाणिकपणाच्या लौकिकात शोधावा लागला. पण हाच मुद्दा उलट बाजूनेही पाहिला पाहिजे: शब्द मोडणाऱ्या खेळाडूकडून उधारी वसूल करण्यासही कोर्ट नव्हते, आणि तेथे जे उपाय योजले जात ते मृच्छकटिकातील माथुराच्या उपायांहून सौम्य नव्हते.

दुसरी गोष्ट मर्यादेची. राजमान्य जुगाराला हंगाम, दिवस, वेळ आणि रोकड यांची आपोआप मर्यादा होती. चोरट्या जुगाराला सरकारने बंदी घातली, म्हणून मर्यादा घालण्याचा अधिकारच सरकारपाशी राहिला नाही. रोज, दोनदा, दारात, चार आण्यांपासून आणि उधारीवर चालणारा जुगार हा सर्वांत घातक जुगार होय, आणि तो नेमका ज्यांचे पोट हातावर आहे त्यांच्या वाट्यास आला. गिरणगावातील ज्या घरांत पगाराच्या दिवशी पठाण सावकाराचे व्याज आणि रायटरची उधारी दारात उभी राहिली, त्या घरांचा दोष केवळ त्यांच्या लोभावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. त्यांना सभ्य आवारात दर रविवारी हरण्याची सोय नव्हती.

तिसरी गोष्ट प्रतिष्ठेच्या फळांची. राजमान्यतेमुळे शर्यतींभोवती संस्था उभ्या राहिल्या. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली, बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने ती जिंकली, आणि तेव्हापासून तो मुंबईच्या वर्षातील एक सण झाला. घोड्यांची पैदास करणारे स्टड फार्म पुण्याच्या आसमंतात वाढले. पूनावाला घराण्याच्या फार्ममधील निवृत्त घोडे सर्पदंशावरील व धनुर्वातावरील प्रतिविष तयार करण्यासाठी हाफकिन संस्थेकडे जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये पुण्यास सीरम इन्स्टिट्यूटचा उदय झाला. मटक्यावरही हजारो लोकांची पोटे चालत, लेखनिक, वाहक, हिशेबनीस. परंतु त्यांच्या नोकरीची कोठे नोंद नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि त्यातून कोणतीही संस्था निघाली नाही. त्यातून निघाला तो हप्ता, आणि पोलीस ठाण्याच्या वहीत ठराविक काळाने भरला जाणारा, ठराविक माणसांचा, ठराविक दंडाचा खटला. घोड्यांच्या मालकांची नावे वर्तमानपत्रांत डर्बीच्या चषकासह छापली जात, आणि रायटरचे नाव जुगार प्रतिबंधक कायद्याच्या बारा अ कलमाखाली.

आणीबाणीत खत्री यांना तुरुंगात जावे लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने गिरणगावाची मिळकतच नाहीशी केली, आणि मटक्याचा मुख्य आधार ढासळला. पोलिसी बंदोबस्ताने जे साधले नाही ते बेकारीने साधले, हे नमूद करताना कोणास समाधान वाटण्याचे कारण नाही.

मध्यंतरी सरकारची स्वतःची भूमिकाही बदलली होती. सरकारी मान्यतेवाचून सोडत काढण्यास १८४४ पासून बंदी होती, आणि १८७० मध्ये तसे कार्यालय ठेवणे दंड संहितेत गुन्हा म्हणून दाखल झाले. मान्यता असलेली सोडत मात्र तेव्हाही निर्दोष होती, आणि कलकत्त्याचा टाउन हॉल अशाच सोडतीच्या पैशांतून उभा राहिला होता. केरळचे पाहून महाराष्ट्र सरकारने १९६९ मध्ये राज्य लॉटरी सुरू केली. तिकीट एक रुपयाच्या आसपास, विक्रेता पदपथावर, गिऱ्हाईक तेच, जे काल रायटरकडे जात होते. घोड्याच्या बाबतीत कौशल्याचा जो आधार सांगता आला तो येथे सांगता येत नव्हता. लॉटरी हा शुद्ध दैवाचा खेळ आहे, आणि जिंकणाऱ्यास मिळणारे प्रमाण मटक्याच्या दहास नऊहून पुष्कळ कमी आहे, कारण उरलेल्या रकमेसाठीच तर ती चालविली जाते. त्या दिवसापासून राजमान्य जुगारी आणि चोरटा जुगारी यांत वर्गाचाही भेद राहिला नाही, कौशल्याचाही राहिला नाही. महसूल कोणाच्या तिजोरीत जातो एवढाच राहिला. गोव्यात तर १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ व १९९६ मध्ये दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आणि जहाजांवर टेबले आली, आणि आज पणजीस मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवर जे निर्दोष आहे ते किनाऱ्यावरच्या टपरीत गुन्हा आहे. कुंपणाच्या जागी पाणी आले, एवढाच फरक.

महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा मंजूर केला होता, परंतु तो कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द केला. तो निर्णय मला योग्य वाटतो. मात्र जे सरकार दैवाचे तिकीट स्वतः विकते, त्याने टपरीवरच्या कपट्यासाठी पकडलेल्या माणसास गुन्हेगार म्हणण्यापूर्वी, दोन्ही आवारांत हरलेल्यांच्या घरांची चौकशी सारख्याच आस्थेने करावी, आणि लॉटरीच्या उत्पन्नातील काही ठराविक हिस्सा, मटक्यात बुडालेला की सोडतीत बुडालेला असा भेद न करता, व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या उपचारासाठी आणि त्यांच्या कुटुंबांच्या कर्जमुक्तीसाठी कायद्यानेच बांधून द्यावा, अशी माझी मागणी आहे.